इंजिनाचं दुखणं: धुरापासून आकड्यापर्यंत

कोल्हापूरहून गारगोटीला जाताना वाटेत बिद्री लागतं. दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांची नावं घेऊन उभा राहिलेला इथला सहकारी साखर कारखाना साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. गळीत हंगाम सुरू झाला, की कागल, राधानगरी, भुदरगड, करवीर या तालुक्यांतून उसाच्या गाड्या रात्रंदिवस इकडे धावू लागतात. ऊस एकदा तुटला की वेळेशी शर्यत सुरू होते. फडात किंवा गाडीत तो जितका पडून राहील, तितकं त्याचं वजन घटतं आणि साखरही उतरते. म्हणून या दिवसांत रस्त्यात बंद पडलेली गाडी ही एकट्या ड्रायव्हरची अडचण नसते. तिच्यामागे तोडणीची टोळी, वाहतूकदार आणि शेतकरी असे सगळेच खोळंबलेले असतात.

अशीच एखादी भरलेली गाडी चढाला लागते आणि इंजिन एकाएकी बळ सोडतं. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटतो. कशीबशी ती गॅरेजपर्यंत येते. तिथला मुलगा स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये हातातलं छोटं यंत्र जोडतो आणि पडद्यावर एक अक्षर व चार आकडे उमटतात : पी-००८७. आजूबाजूला जमलेल्यांपैकी कुणीतरी लगेच निकाल देतो, ‘‘पंप गेला!’’

पंप खरंच गेला असेलही. पण त्या आकड्यानं तसं सांगितलेलं नाही. त्यानं काय सांगितलं आणि काय सांगितलेलं नाही, हे समजून घ्यायचं तर हा आकडा इंजिनात शिरला कसा, ही सव्वाशे वर्षांची गोष्ट थोडी मागे जाऊन पाहायला हवी.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरनं १८९२ साली आपल्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढची काही वर्षं तो ऑग्सबर्ग इथल्या कारखान्यात प्रयोग करत होता. १८९७ मध्ये तिथे त्याच्या इंजिनाची रीतसर चाचणी झाली. इंधनातल्या उष्णतेपैकी चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग हे इंजिन कामी लावतं, असं त्या चाचणीत दिसलं. त्या काळची वाफेची इंजिनं याच्या पुष्कळ मागे होती.

या इंजिनाचं मर्म अगदी साधं आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडायला प्लग लागतो. इथे नळकांड्यात नुसती हवा घ्यायची आणि ती इतकी दाबायची, की दाबानंच ती तापून निघते. मग त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारायचा. ते आपोआप पेट घेतं. म्हणजे डिझेल इंजिनाला तीन गोष्टी लागतात. हवा पुरेशी मिळाली पाहिजे, ती नीट दाबली गेली पाहिजे आणि डिझेल योग्य वेळी, योग्य दाबानं, बारीक तुषार होऊन आलं पाहिजे. इंजिन बिघडलं की या तिन्हींपैकी काहीतरी चुकलेलं असतं. पुढे कितीही सुधारणा झाल्या, तरी हे तीन प्रश्न बदललेले नाहीत. ते लक्षात ठेवा. आपल्याला शेवटपर्यंत उपयोगी पडणार आहेत.

यातलं सगळ्यांत अवघड काम डिझेलच्या फवाऱ्याचं. सुरुवातीला त्यासाठी दाबलेल्या हवेचा झोत वापरत. त्यासाठी वेगळा अवजड कॉम्प्रेसर लागे. जर्मनीतल्या बॉश कंपनीनं १९२७ मध्ये कारखान्यात मोठ्या संख्येनं तयार होणारा इंधनपंप बाजारात आणला आणि डिझेल इंजिन आटोपशीर झालं. ते ट्रकमध्ये बसलं आणि शेतावरही आलं.

आपल्याकडे ते यायला फार वेळ लागला नाही. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३०च्या दशकात डिझेल इंजिन तयार झालं. भारतात बनलेलं पहिलं डिझेल इंजिन म्हणून त्याचा उल्लेख होतो. १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुण्याजवळ खडकीला तिचा कारखाना उभा राहिला. याच कंपनीचा एक कारखाना आज बिद्रीच्याच तालुक्यात, कागलच्या औद्योगिक वसाहतीत आहे. खुद्द कोल्हापुरात उद्यमनगरच्या शेडमधून ऑइल इंजिनं बाहेर पडू लागली. कोल्हापूरच्या कारखानदारीचा इतिहास सांगताना म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं आजही आदरानं घेतली जातात. हातात पदवी नसलेल्या, पण लोखंडाची नस ओळखणाऱ्या माणसांनी इथली फौंड्री आणि मशिनशॉपची परंपरा उभी केली. पुढे गावोगाव वीज पोहोचली, विहिरीवर आणि नदीकाठी विजेच्या मोटारी बसल्या आणि ऑइल इंजिनाची मागणी ओसरली. पण कौशल्य वाया गेलं नाही. त्याच फौंड्र्या मोटारींचे सुटे भाग ओतू लागल्या.

त्या जुन्या इंजिनाचं दुखणं ओळखायची रीत आठवून पाहा. नदीकाठच्या पंपाला जोडलेलं पाच-दहा अश्वशक्तीचं इंजिन हँडल मारून सुरू व्हायचं. त्याचा ठोका शिवारभर ऐकू यायचा. मेस्त्री आला की आधी पाने काढत नसे. तो दूर उभा राहून धूर बघायचा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. मग एअर क्लीनर बघ, नोझल बघ. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रिंगा किंवा बोअर झिजलंय. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा गॅस्केट गेल्यानं पाणी आत शिरतंय. मग तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाला टेकवायचा. इंजिन सारखं बंद पडत असेल तर ‘एअर घेतली’ म्हणायचा आणि नट सैल करून हातपंपानं हवा काढायचा. चार सिलिंडरच्या इंजिनात कुठला सिलिंडर काम करत नाही हे शोधायचं असेल, तर चालू इंजिनावर नोझलच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल करायचा. ज्या नळीचा नट सोडल्यावर ठोक्यात फरक पडत नाही, तो सिलिंडर आजारी.

या सगळ्या खटाटोपामागे तेच तीन प्रश्न होते : हवा, दाब आणि डिझेल. धूर, आवाज आणि स्पर्श हेच त्या काळचे कोड होते. फक्त ते कागदावर छापलेले नव्हते.

मग हा आकड्यांचा कोड आला कुठून? तो मुळात मेस्त्रीच्या सोयीसाठी आलेला नाही. तो आला हवेच्या प्रदूषणामुळे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिसवर मोटारींच्या धुराचं दाट मळभ साचायचं. तिथल्या सरकारनं धुरावर कायद्यानं मर्यादा घातल्या. त्या पाळायच्या तर इंजिनाला जाणारं इंधन काटेकोर मोजावं लागणार. ते काम यांत्रिक कळींना झेपेना, म्हणून १९७०-८०च्या दशकांत इंजिनांवर छोटे संगणक आणि संवेदक, म्हणजे सेन्सर, बसू लागले. पण नवी गाडी कारखान्यातून स्वच्छ निघाली तरी दोन वर्षांनी तिचा एखादा सेन्सर बिघडला आणि ती धूर ओकू लागली, तर कळणार कसं? म्हणून कॅलिफोर्नियानं १९८८च्या मॉडेलांपासून असा नियम केला, की गाडीनं स्वतःच स्वतःवर पाळत ठेवावी आणि बिघाड झाला की दिवा लावावा. पण प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं आणि कोडही वेगळे. १९९६च्या मॉडेलांपासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना एकच सोळा खुंट्यांचं सॉकेट आणि एकसारखे कोड सक्तीचे झाले. युरोपनं हा नियम पेट्रोल मोटारींना २००१ मध्ये आणि डिझेल मोटारींना त्यानंतर दोनेक वर्षांत लावला.

भारतात भारत स्टेजच्या पायऱ्या आल्या. २०१०च्या एप्रिलमध्ये मोठ्या शहरांत बीएस-४ लागू झाला, तेव्हापासून गाडीनं स्वतःची तपासणी करण्याची अट टप्प्याटप्प्यानं आली. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ देशभर झाला. मग मधली एक पायरी गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६. आधी डिझेलमध्ये गंधकाचं प्रमाण दहा लाखांत ५० भाग चालत होतं, ते १० भागांवर आलं. धुराच्या नळीत काजळी अडवणारं फिल्टर आणि युरियाच्या पाण्याचा फवारा मारून विषारी वायू निवळणारी यंत्रणा आली. जितकी यंत्रणा, तितके सेन्सर आणि तितके कोड.

इंजिनाच्या पोटातही मोठा बदल झाला होता. जुन्या पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा प्लंजर आणि वेगळी नळी असे. १९९७ मध्ये युरोपातल्या मोटारींत ‘कॉमन रेल’ नावाची पद्धत आली. यात एक पंप एका जाड, सामाईक नळीत डिझेल भरून तिथला दाब सतत प्रचंड ठेवतो. या नळीला रेल म्हणतात. तिथून प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर संगणकाच्या इशाऱ्यावर विजेनं उघडतो आणि मिटतो. जुनं नोझल साधारण २०० बार दाबाला उघडायचं. पहिल्या कॉमन रेलमध्येच दाब १,३५० बारपर्यंत गेला आणि पुढे २,००० बारच्याही वर. मोटारीच्या चाकात आपण दोन-सव्वादोन बार हवा भरतो, हे लक्षात घेतलं की अंदाज येईल.

आता आपल्या पी-००८७ कडे वळू. ‘पी’ म्हणजे पॉवरट्रेन, अर्थात इंजिन आणि गिअरबॉक्सचा विभाग. पहिला शून्य सांगतो, की हा कोड सगळ्या कंपन्यांना सामाईक आहे. तिथे १ असता तर तो त्या कंपनीचा स्वतःचा कोड झाला असता. दुसरा शून्य इंधन आणि हवेच्या मोजमापाचं खातं दाखवतो. शेवटचे ८७ म्हणजे नेमकी तक्रार : रेलमधला दाब हवा त्यापेक्षा कमी आहे. बस, एवढंच. संगणकानं समजा १,२०० बार मागितले आणि सेन्सरनं ९०० दाखवले. हा फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला, म्हणून त्यानं नोंद केली, दिवा लावला आणि इंजिन जपण्यासाठी बळ कमी केलं. दाब का कमी पडला, हे त्यालाही कळलेलं नाही.

कारणं एकाहून जास्त असू शकतात, आणि ती स्वस्ताकडून महागाकडे तपासत जाणं हाच शहाणपणा. टाकीत डिझेल पुरेसं आहे का? डिझेल फिल्टर तुंबलाय का? फिल्टरखालच्या भांड्यात पाणी साचलंय का? टाकीकडून येणाऱ्या नळीचा जोड सैल होऊन ती हवा खेचतेय का? टाकीतून डिझेल ओढून देणारा फीड पंप नीट पुरवठा करतोय का? हे सगळं ठीक असेल तर इंजेक्टरांचं परतीचं डिझेल मोजायचं. एखादा इंजेक्टर आतून झिजला, की त्यातून परत जाणारं डिझेल बाकीच्यांपेक्षा जास्त येतं आणि रेलचा दाब टिकत नाही. मग दाब राखणारा व्हॉल्व्ह, सेन्सर आणि त्याच्या वायरी. आणि या यादीच्या शेवटी येतो तो मोठ्या दाबाचा पंप. नुसता आकडा बघून त्या पंपाची ऑर्डर देणारा माणूस शेवटच्या पायरीपासून जिना चढायला निघालेला असतो. शंभरात काही वेळा तो बरोबर ठरेल. बाकीच्या वेळी नवा पंप बसवूनही त्याच चढाला तोच पिवळा दिवा पुन्हा लागेल.

हाच दाब, पण कोड वेगळा असला तर वाटही वेगळी होते. पी-०१९२ किंवा पी-०१९३ आला तर तक्रार डिझेलची नसून रेलच्या सेन्सरच्या विजेची आहे. तिथे पाना ठेवून मीटर हातात घ्यायचा. बऱ्याच मोठ्या ट्रकमध्ये दोन आकड्यांची पद्धत असते. पहिला सांगतो काय बिघडलं, दुसरा सांगतो कसं बिघडलं. १५७ म्हणजे रेलचा दाब. त्याच्यासोबत १८ आला तर दाब खरोखर कमी पडतोय. सोबत ३ आला तर सेन्सरची वीज प्रमाणाबाहेर चढली आहे, म्हणजे वायर किंवा प्लग बघा. पहिला आकडा वाचून दुसरा न वाचणं म्हणजे पत्त्यातलं गाव वाचून गल्ली न वाचण्यासारखं आहे.

आणखी एक गोष्ट. कोड नोंदवताना संगणक त्या क्षणाची परिस्थितीही टिपून ठेवतो : इंजिनाचे फेरे किती होते, भार किती होता, पाणी किती तापलं होतं. दाब फक्त भरल्या गाडीला चढावर कमी पडत असेल, तर डिझेलच्या वाटेत अडथळा असण्याची शक्यता जास्त. सुरू करतानाच कमी पडत असेल, तर गळतीचा किंवा हवेचा संशय आधी घ्यावा. म्हणून दिवा घालवायची घाई करून कोड पुसू नये. ती नोंद पुसली, की पुढच्या मेस्त्रीच्या हाती कोरी पाटी येते.

कारखान्याच्या आवारातच घडू शकणारं एक उदाहरण बघा. बीएस-६ गाडीच्या धुराच्या नळीतलं काजळीचं फिल्टर साफ व्हायला धूर चांगला तापावा लागतो. गाडी भार घेऊन रस्त्यावर धावली की ते होतं. पण वजनकाट्यापुढच्या रांगेत तासन् तास इंजिन चालू ठेवून गाडी इंच-इंच सरकत राहिली, तर धूर थंड राहतो आणि काजळी साचत जाते. मग पी-२४६३ सारखा कोड येतो : फिल्टरमध्ये काजळी फार झाली. सुटा भाग बिघडलेला नसतो. गाडी चालवण्याची रीत बदलायची असते. रांगेत थांबताना इंजिन बंद करणं हा इथे सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. डिझेल वाचतं ते वेगळंच.

आता एक सावधगिरीची गोष्ट, आणि ती ठासून सांगायला हवी. चालू इंजिनावर नळीचा नट सैल करून सिलिंडर शोधायची जुनी युक्ती कॉमन रेलवर कधीही करू नये. हजार-दीड हजार बार दाबाची धार कातडी चिरून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण आत डिझेल पसरतं आणि बोट, कधी हातही गमवावा लागतो. गळती शोधायला हात फिरवायचा नाही. पुठ्ठ्याचा तुकडा दूर धरून बघायचं. नट सोडायचा तर इंजिन बंद करून, दाब उतरल्याची खात्री करूनच. तसं घडूनच गेलं तर ‘छोटंसं लागलंय’ म्हणून घरी बसू नये. ही शस्त्रक्रियेची निकड असते. तडक दवाखाना गाठावा आणि काय घुसलं ते डॉक्टरांना सांगावं. तीस वर्षांच्या सवयीचा हात नकळत पान्याकडे जातो, म्हणूनच हे जाणत्या मेस्त्र्यांना सांगणं जास्त गरजेचं आहे.

तर मग जुनी विद्या निकामी झाली का? मुळीच नाही. बिद्रीच्या रांगेत आज दोन युगं शेजारी उभी असतात. पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून कडक नियम लागले आणि त्यांच्यात कॉमन रेल आलं. पण उसाच्या ट्रॉल्या ओढणारे कितीतरी ट्रॅक्टर अजून यांत्रिक पंपाचे आहेत. त्यांना सॉकेट नाही, दिवा नाही. तिथे धूर आणि ठोकाच वाचावा लागतो. आणि नव्या गाडीतही सेन्सर फक्त जिथे बसवलाय तिथलंच बोलतो. नळीच्या जोडाला बसलेली ओलसर धूळ, फिल्टरच्या भांड्यातलं गढूळ डिझेल, ड्रायव्हरनं सांगितलेलं ‘कालच अमुक ठिकाणी डिझेल भरलं होतं’ हे वाक्य, यांसाठी कोणताही कोड नाही. ते डोळ्यांनी बघावं लागतं आणि कानांनी ऐकावं लागतं.

खरा प्रश्न आहे तो हे दोन्ही एका माणसाच्या हाती यावं हा. सामाईक कोड कुणालाही वाचता येतात. कंपनीचे खास कोड आणि पुढच्या चाचण्या मात्र अनेकदा कंपनीच्याच महागड्या यंत्रावर होतात. त्यामुळे खेड्यातला मेस्त्री अर्धं वाचतो आणि अर्धं अंदाजानं ठरवतो. त्या अंदाजाचं बिल वाहतूकदार भरतो. गारगोटीला मौनी विद्यापीठानं ग्रामीण भागासाठी इंजिनिअरिंगचं शिक्षण सुरू केलं, तेव्हा यंत्रविद्या शहरात अडकू नये हाच त्यामागचा विचार होता. उद्यमनगरच्या मेस्त्र्यांनी साहेबाचं इंजिन उघडून, मापं घेऊन, ते इथे ओतून दाखवलं होतं. त्यांच्या नातवांना आता इंजिनाचा संगणक उघडून बघायचा आहे. सुरुवात सोपी आहे. कोड आला की तो वहीत पूर्ण लिहून घ्यायचा, तेव्हाची परिस्थिती लिहायची, काय तपासलं आणि शेवटी काय निघालं तेही लिहायचं. दोन हंगाम अशी वही भरली, तर आपल्या रस्त्यांवर, आपल्या डिझेलवर, आपल्या उसाच्या भाराखाली कुठला आकडा बहुधा काय सांगतो, याचं उत्तर त्या वहीत सापडू लागेल. आणि ते कुठल्याही कंपनीच्या पुस्तकात नसेल.